रुईला न दिलेली आत्या

आमच्या भावकीत माणसाची खरी चौकशी तो मेल्यावर होते. विमलआत्या जेवली का, तिचा खांदा दुखायचा थांबला का, शाळेतून निवृत्त झाल्यावर ही बाई दिवसभर करते काय, हे जिवंतपणी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ती गेली त्या सकाळी मात्र नारपोलीतल्या आमच्या जिन्यावर चपलांचा ढीग लागला, आणि त्यातल्या प्रत्येक चपलेचा मालक तिचं पुढे काय करायचं याबद्दल ठाम मत घेऊन वर आला होता. मी त्या वेळी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होते. आता मीच पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना शरीररचना शिकवते. या दोन्हींच्या मधल्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. त्या एका मे महिन्याबद्दल आहे.

घर म्हणजे खाली पॉवरलूमची शेड आणि वर आम्ही. शेड हनीफचाचांना भाड्यानं दिलेली. ते जुने कोकणी मुसलमान, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारे. लूम दिवसरात्र चालायचे. फरशीतून तो आवाज पायांत यायचा, तिथून जेवणाच्या ताटात, पाण्याच्या तांब्यात. आमच्याकडे सगळे ओरडून बोलत, आणि ओरडून बोलणाऱ्यांना कालांतरानं वाटू लागतं की आपण महत्त्वाचं काही बोलतो आहोत. माझा आवाज लूमच्या वर कधी गेलाच नाही. पाहुणे आले की मी पाणी देऊन आत जायची. "इंग्लिश मीडियम हाय ती, आपल्याशी कशाला बोलंल," असं बाहेर म्हटलेलं आत ऐकू यायचं, कारण तेही ओरडूनच म्हटलेलं असायचं. गैरसमज दुरुस्त करावा असं मला कधी वाटलं नाही. लोकांनी गर्विष्ठ समजलं की ते जरा लांब बसतात.

विमलआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही. मुनशिपाल्टीच्या मराठी शाळेत सगळी नोकरी काढलेली. ती आमच्यातच राहायची, गच्चीला लागून असलेल्या खोलीत, आणि दुपारच्या भाकऱ्या ती करायची. तांदळाची भाकरी तव्यावर टाकताना तिच्या तोंडात नेहमी कुणाचा तरी समाचार असे. सुक्या बोंबलाची चटणी आणि निंदा, दोन्ही ती एकाच पाट्यावर वाटायची, असं मम्मी म्हणायची. बाळाकाका, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गोदामांना जमीन दिल्यापासून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फिरू लागला होता आणि चौकातल्या प्रत्येक बॅनरवर त्याच्या नावामागे 'भावी नगरसेवक' असं लागलं होतं. आत्या म्हणायची, "भावी! अरे, वाढदिवस झाला तरी भावी, दहीहंडी झाली तरी भावी. याच्या तिरडीवर पण भावीच लिहा." घरात तिला सगळे घाबरत, म्हणून तिच्याशी कुणी बोलत नसे. मी बोलायची. आम्हा दोघींना माणसं फारशी आवडत नसत, त्यामुळे आमचं जमायचं.

कॉलेजातून आल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्या शेजारी बसायची आणि दिवसभर डिसेक्शनच्या, म्हणजे प्रेत उघडून शिकायच्या, टेबलावर काय पाहिलं ते सांगायची. आमच्या टेबलावर एक म्हातारा माणूस होता. पहिल्या दिवशी दोन मुली बाहेर पळाल्या, एकजण फोनवर आईशी बोलत रडला. मी उभी राहिले, कारण पळायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागलं असतं. पुस्तकात शीर निळी असते, धमनी लाल, नस म्हणजे मज्जातंतू पिवळा. टेबलावर सगळंच मातकट. डोळ्यांनी काहीच कळत नाही. बोटांनी कळतं: धमनी रबरासारखी परत फुगते, शीर चपटी होऊन पडते, नस सुतळीसारखी भरीव लागते. एकदा हाताला कळलं की परत विसरत नाही. पुस्तकात दंडाच्या स्नायूला वर दोन टोकं दाखवलेली असतात. आमच्या म्हाताऱ्याच्या उजव्या दंडाला तीन होती. हे सांगितल्यावर आत्याचा भाकरीवरचा हात थांबला.

"मग पुस्तक खोटं?"

"खोटं नाही गं. पुस्तकात बहुतेकांचं असतं ते लिहितात. प्रत्येकाचं आत वेगळं असतं. कापताना हे माहीत नसलं तर डॉक्टर भलतंच कापून ठेवेल."

"आणि तुला एवढी अक्कल आली, पण हासळीचं हाड म्हटलं तर कळत नाही. क्लॅव्हिकल म्हण, क्लॅव्हिकल." ती मला असं चिडवायची आणि मग माझ्या गळ्याखालच्या हाडावर पिठाचं बोट ओढायची.

तिचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. फळ्यावर लिहून लिहून झिजला असं तिचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं त्यात दिसेल तिथं इंजेक्शनं दिली होती. तिला अंबाडा घालता येत नव्हता आणि तो घालून दे असं ती कुणाला सांगणारी नव्हती, म्हणून ती केस तसेच रबरात अडकवून फिरायची. आम्ही टेबलावर खांदा उघडला त्या आठवड्यात मला पहिल्यांदा समजलं की तो सांधा म्हणजे एक सैल पिशवी असते, आणि ती पिशवीच आवळून बसली असेल तर वरून तेल चोळून काय होणार. सीनियर मुलींना विचारून मी तिच्याकडून रोज व्यायाम करून घेतले. ती शिव्या द्यायची आणि करायची. पावसाळा सरता सरता तिनं स्वतः अंबाडा घातला. आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात होतं?"

"पुस्तकात नव्हतं. टेबलावरच्या बाबांनी शिकवलं."

"कोण होता तो?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. बेवारस होता एवढंच. कुठल्या तरी स्टेशनात, नाहीतर सरकारी दवाखान्यात गेलेला, आणि कुणी न्यायला न आलेला. भिवंडीत अशी माणसं काही कमी नाहीत. लूमवर आयुष्य काढतात, गावाकडचा पत्ता कुणाला ठाऊक नसतो, एक दिवस शिफ्टला येत नाहीत. आत्यानं अंबाड्यातला आकडा काढून परत खोचला. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे समोरच्याला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे शिकायचं सगळ्यांनी, बरं व्हायचं सगळ्यांनी, आणि अंग द्यायचं ते ज्याला कुणी विचारलं नाही त्यानं. आपण मात्र चंदनाचा तुकडा घालून जळायचं. वा!"

तिनं ठरवलं ते तेव्हा. दुसरंही एक कारण होतं, आणि तेच जास्त जोराचं होतं असं मला वाटतं. आमच्या भावकीत बिनलग्नाचं माणूस तसंच जाळत नाहीत. त्याला हळद लावतात आणि रुईच्या फांदीशी त्याचं लग्न लावतात. मंगलाष्टकं म्हणत नाहीत, पण अक्षता टाकतात. नाहीतर तो जीव घरात घुटमळतो म्हणे. आत्याची शेवंती नावाची मैत्रीण विशीत गेली होती, तिचं असं लग्न आत्यानं उभं राहून पाहिलं होतं. "जिवंतपणी तिला एकानं विचारलं नाही, काळी म्हणून," आत्या सांगायची, "आणि मेल्यावर झुडूप आणून उभं केलं. वर सगळ्या बाया खूश, पोरीचं कल्याण झालं म्हणून. माझं असलं काही करायला आले ना, मानसी, तर मी तिथल्या तिथं उठून बसेन." मग हसून म्हणाली, "पण उठून बसता नाही येणार. म्हणून तुला सांगून ठेवते. मला तुमच्या टेबलावर पोचव. रुईच्या आधी."

तिनं हे जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. मम्मीनं कालवणाचा डाव तसाच हवेत धरला. पप्पा म्हणाले, "बघू." पप्पांचं सगळं आयुष्य बघू या शब्दावर चाललेलं आहे. बाळाकाका मात्र लाल झाला. "बघू काय बघू? लोक काय बोलतील? दोन भावांना बहिणीपुरती लाकडं जड झाली? आणि ती पोरं तिथं उघडंनागडं..." आत्या म्हणाली, "बाळा, माझ्याकडे बघायला जिवंतपणी कुणी आलं नाही. आता येतायत तर येऊ दे." काका ताटावरून उठून गेला. आत्यानं त्याच्या ताटातला बोंबील उचलून माझ्या ताटात टाकला.

ती गेली सकाळी, चहा पिता पिता, खुर्चीतच. डॉक्टर येऊन हृदय बंद पडलं असं लिहून गेला. मम्मी रडत होती. मी गच्चीत जाऊन आम्हाला शरीररचना शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. फोनवर बोलायला मला आजही नको वाटतं, पण त्या दिवशी मॅडमनी माझ्याआधी बोलायला सुरुवात केली आणि जे विचारायचं ते एक एक विचारून घेतलं. घरच्यांची संमती आहे का, पोस्टमॉर्टेम तर नाही ना, कुठं ठेवलंय. मग म्हणाल्या, "मानसी, मे महिना आहे. दुपार कलायच्या आत आणा. आम्ही औषध रक्तवाहिन्यांतून आत सोडतो. शरीर बिघडायला लागलं की ते सगळीकडे पोचत नाही. मग आम्हाला नाही म्हणावं लागतं. असं नाही म्हणताना फार वाईट वाटतं गं." मी खाली आले आणि पप्पांना सांगितलं. पप्पांनी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "तिची इच्छा होती. नेऊ." जन्मात पहिल्यांदा ते 'बघू' म्हणाले नाहीत. मला वाटलं, झालं. मी वेडी होते.

कारण आता बाळाकाकाचीही संमती होती. लाकडांवरून ताटावरून उठलेला हाच काका दारात उभा राहून मोठ्यानं सांगत होता, "आमच्या ताईनी देहदान केलंय! आपल्या समाजातली पहिली बाई!" मधल्या काळात त्यानं ठाण्यात कुठल्या तरी देहदानाच्या कार्यक्रमात मोठ्या माणसांना हार घालून उभं राहिलेलं पाहिलं होतं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. तिकीट वाटपाचे दिवस होते. त्यानं साहेबांना फोन लावला. हे साहेब कोण ते सांगत बसत नाही. प्रत्येक गावात असतात आणि उशिरा येणं हे त्यांचं मुख्य काम असतं. साहेब म्हणाले, येतो. त्यावर काकानं सगळ्यांना हात वर करून सांगितलं, "साहेब आल्याबिगर ताईला हलवायची न्हाय."

घराखाली मांडव पडला. फ्लेक्स छापून आला. इतक्या लवकर आमच्या भागात ॲम्ब्युलन्स कधी आलेली मी पाहिलेली नाही. त्यावर डावीकडे साहेब, उजवीकडे बाळाकाका हात जोडून, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या मापाची आत्या, शाळेच्या गॅदरिंगमधल्या फोटोतून कापलेली, खांद्यावर दुसऱ्या कुणा बाईचा अर्धा हात तसाच राहिलेला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'देहदान हेच महादान – शुभेच्छुक'. शुभेच्छुक! मी ते वाचलं आणि मला आत्याची इतकी आठवण आली की मी जिन्यात बसले. हे वाचून तिनं काय म्हटलं असतं ते मला शब्द न् शब्द ठाऊक होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

आत्याला वर भाड्याच्या थंड पेटीत ठेवलं होतं. ऊन चढलं आणि लाईट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते यात नवल नाही. नवल हे की घरात तीसचाळीस माणसं होती आणि पेटीचा आवाज बंद झालेला त्यातल्या एकाच्याही लक्षात आला नाही. साहेब कुठवर आले, नाश्त्याला काय, इथं सेल्फी काढायची की खाली बॅनरजवळ, अशी सगळी चर्चा. लूम हनीफचाचांनी सकाळीच बंद केले होते, आत्यासाठी. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यांचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू येत होतं, तरी सगळे ओरडतच होते. मी खाली जाऊन चाचांना सांगितलं. ते बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोनं लाद्या घेऊन आले, स्वतः जिना चढून वर आले, आणि काकाला म्हणाले, "बाळाशेठ, तुमच्या साहेबांना गाडी आहे. या बाईला नाही. तिला आधी पाठवा."

"चाचा, माणकोलीला पोचलेत. आलेच."

"तासापूर्वी पण माणकोलीलाच होते," चाचा म्हणाले, आणि लाद्या पेटीत रचायला वाकले.

साहेबांच्या आधी दिघाशीची आजी आली. ती पप्पांची आत्या, भावकीतली सगळ्यात जुनी बाई, जिच्या तोंडून रीत म्हणून जे निघेल ती रीत. तिच्या कुशीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली रुईची फांदी होती. पानांवर धूळ, तुटलेल्या टोकाला चीक. जिना चढून दम लागलेला असतानाच तिनं हुकूम सोडला, "हलद वाटा. पाट मांडा. मुंडावल्या आनल्यान का?"

पप्पा हळूच म्हणाले, "आत्ये, ताईला कॉलेजात द्यायचीय. तिला हे नको होतं."

"द्या ना. कोन नाय बोलतंय? डाक्टरला द्या, मास्तरला द्या. पन आमचे घरान कुवारी बाय हलदीबिगर जात न्हाय. मागारी कुनाचे मुलीचं लगीन व्हनार न्हाय. तुझीच हाय ना ही एक?" तिनं माझ्याकडे हनुवटी उडवली. म्हणजे माझ्या लग्नासाठी आत्याचं लग्न. काकानं लगेच मिटवून टाकलं: "रीत पन करू, दान पन करू. साहेब येईपर्यंत टाइम हाय."

बायकांनी पेटीचं झाकण काढलं. त्या उकाड्यात, बंद पेटीचं, झाकण काढलं. कुणी हळद वाटायला बसली, कुणी आत्याचे पाय बर्फातून बाहेर ओढले. हळद लावताना त्यांचं गाणं सुरू झालं, लग्नातलंच, जरा हळू आवाजात. खरं सांगायचं तर त्या बायकांचा मला तेवढा राग आला नाही जेवढा आला असं मी नंतर लोकांना सांगत आले. त्या निदान आत्याला हात तरी लावत होत्या. पण त्यांच्यातल्या एकीनंही तिच्या दुखऱ्या खांद्याला तेल कधी चोळलं नव्हतं, आणि आता गुडघ्यापर्यंत हळद चोळत होत्या. चॅनेल चालवणारा एक मुलगा मोबाइलला मोठा माइक लावून दारातून शूटिंग करत होता. आजीनं रुई पाटावर उभी धरली आणि अक्षतांचं ताट मागितलं.

मी मॅडमना परत फोन लावला. किती वाजले, लाईट कधी गेली, सगळं सांगितलं. त्यांनी बर्फ कधी घातला ते विचारलं. मग म्हणाल्या, "आत्ता निघालात तर मी थांबते. नंतर मला जमणार नाही." खोलीत येऊन मी सगळ्यांसमोर उभी राहिले. मला सांगायचं होतं की ही बाई स्वतःचं अंग देऊन गेली आहे, तुम्ही ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नासवताय. एवढं एक वाक्य. तोंड उघडलं. कुणी वर पाहिलं नाही. आजी म्हणाली, "बाजूला व्ह गो, उजेड अडवतंस." मी बाजूला झाले.

तेव्हा मला आत्याचंच एक सांगणं उपयोगी पडलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं काही आठवलं नाही. मी फक्त काकाकडे पाहिलं. तो खिडकीतून खाली आपल्याच बॅनरकडे पाहत होता आणि त्याच्या तोंडावर खरोखरचं सुख होतं. या माणसाशी काय बोलायचं ते मला कळलं. त्याला मोठा आवाज लागत नव्हता. मी त्याच्या कानाशी गेले.

"काका, उशीर झाला तर कॉलेज बॉडी नाकारतं. परत पाठवतं."

"नाय नाकारत. साहेबांचा फोन करू."

"नाकारली की तसं लेखी देतात. हा चॅनेलवाला गाडीच्या मागून येणार आहे. 'भावी नगरसेवकांनी दिलेला देह कॉलेजनं परत केला.' तुमच्या बॅनरसकट दाखवतील."

लेखी देतात की नाही मला माहीत नव्हतं. काकाच्या चेहऱ्यावरून सुख उतरलं ते मी अगदी जवळून पाहिलं. शरीररचनेत चेहऱ्याचे स्नायू शिकवताना मला अजून तो आठवतो. पुढच्या क्षणाला तो गर्जला, "उचला! उचला रे! काय तमाशा लावलाय? ताईला उशीर होतोय! कोन बोलला थांबा?"

"आरं पन अक्षदा..." आजी म्हणाली.

"नंतर टाक अक्षदा! ए, पेटी धर तिकडून!"

आत्याच्या शब्दाखातर त्या घरात एक माणूस जागचा हलला नव्हता. काकाच्या फजितीच्या भीतीनं वीस हात लागले. आजी रुई छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहिली आणि तिच्या हाताखालून विमलआत्या, बिनलग्नाची, पाय पिवळे, जिना उतरून गेली. बर्फ आणलेल्या टेम्पोतच पप्पा आणि मी, आणि मध्ये चाचांच्या बर्फात आत्या. काका आला नाही. त्याला साहेबांसाठी थांबायचं होतं. अंजूर फाट्याच्या गर्दीत आमच्या समोरून लाल दिव्याच्या रुबाबात तीन पांढऱ्या गाड्या विरुद्ध बाजूला गेल्या. पप्पा म्हणाले, "तेच असतील." आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

कॉलेजच्या मागच्या दाराशी मॅडम स्वतः उभ्या होत्या. त्यांनी तपासलं, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि आधी आत्याला नमस्कार केला, मग पप्पांना. आतली खोली थंड आणि शांत होती. दिवसभरात पहिल्यांदा तिच्याभोवती हळू आवाजात बोलणारी माणसं होती. "ही हळद?" मॅडमनी विचारलं. "घरच्यांनी लावली," मी म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. ओल्या कापसानं त्यांनी पाय पुसून घेतले, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. पप्पांनी विचारलं, "इथं तिचं नाव लागंल का कुठं?" मॅडम म्हणाल्या, "मुलांना आम्ही नाव सांगत नाही. पण ही बाई आपणहून आली, एवढं सांगतो. त्यानं फरक पडतो." पप्पा तिथं रडले. घरी त्यांना तेवढी जागाच मिळाली नव्हती. माझ्या टेबलावर तिला ठेवणार नाहीत, असं मॅडमनी मला वेगळं सांगितलं. मी पुढे कधी कुठल्या टेबलाची चौकशी केली नाही. आज मी मुलांना शिकवायला लागण्याआधी हेच सांगते, जे मॅडमनी पप्पांना सांगितलं. काही मुलं तेव्हा मोबाइल खिशात ठेवतात. काही ठेवत नाहीत, ती पुढे भारी बॅनर लावतील.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि घराखाली बँड वाजत होता. मला वाटलं साहेबांसाठी. साहेब येऊन फोटोला हार घालून कधीच गेले होते. बँड वरातीचा होता. आत्या बिनलग्नाची गेली त्यावर आजीनं आणि भटजींनी मिळून उपाय काढला होता. ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचा पुतळा करून जाळतात, ते शास्त्रात आहे म्हणे. मांडवात पाटावर दर्भाची एक बाई निजवली होती. पळसाच्या पानांचे हात आणि पाय, डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या, कुणाची तरी हिरवी साडी. कपाळाला मुंडावळ्या. शेजारी रुईची फांदी, तिलाही मुंडावळ्या. अक्षता पडून गेलेल्या होत्या. भटजी अजून कुठे पोटाला पीठ, कुठे मानेला दोरा असं बांधत होते, आणि प्रत्येक अवयवाचं नाव इतक्या खात्रीनं घेत होते की आमच्या परीक्षेत मला तशी खात्री कधी आली नाही. बायका रडत होत्या. सकाळी आत्याजवळ रडल्या नव्हत्या इतक्या रडत होत्या. हनीफचाचा त्यांच्या शेडच्या दारात उभे राहून पाहत होते आणि लूम अजून बंदच होते.

"बघा, डाक्टरीनबाय आली," आजी म्हणाली. तिचा राग गेला होता. तिचं काम झालं होतं. "बघ गो, सगला बरोबर हाय ना? हात तसंच असतान ना?"

हात उलटे बांधले होते. अंगठ्यांची बाजू आत. मान नव्हतीच. नारळ थेट खांद्यांना लावलेला, आणि खांदे म्हणजे दोन बाजूंना खोचलेल्या दोन काड्या. काका जवळ येऊन उभा राहिला, गळ्यात साहेबांनी घातलेला हार तसाच. "सांग ना. ताईसारखी झालीय ना?"

सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं ऐकायला तिथं शांतता झाली होती. मी त्या बाईला नारळापासून पायापर्यंत नीट पाहिलं. त्यांना हवी होती तेवढी आत्या तिच्यात पुरेपूर होती.

"हो," मी म्हणाले. "हुबेहूब."

आणि त्यांनी तिला उचललं.